आपली खुर्ची तयार आहे

नाही हो, हात नाही लावला मी! तुमच्या कानावर जे आलंय ना, ते माझ्या मेव्हण्याच्या तोंडून आलंय, आणि त्याच्या तोंडून निघालेली गोष्ट जिना उतरून खाली येईपर्यंत चांगलं बाळसं धरते, हे या इमारतीत कुणाला वेगळं सांगायला नको... 'भाऊजींनी दाहगृहात कॉम्प्युटरशी खेळ केला आणि आमच्या ताईचा नंबर घालवला!' खेळ? बायको शेजारच्या खोलीत शीतपेटीत, आणि मी खेळ करीन? बसा, बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, गेल्या उन्हाळ्यापासून हलतो, मी बघतोय. ह्या बाकावर बसा सगळे, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून... हां, असे. चहाला दूध ठेवलंय, तेवढं बघा जरा. तर तुम्हाला सांगतो, मी काहीही केलं नाही. मी नुसतं बघत होतो!

आता इथेच पाणी मुरतंय. 'बघणे' हा शब्दच मुळात बनेल. ती म्हणायची, 'दुधाकडे बघा,' आणि आत कपडे वाळत घालायला निघून जायची. मी बघायचो. अगदी मन लावून बघायचो हो! आधी कडेकडेने बुडबुडे येतात, मग मधली साय थरथरते, मग ती सगळी एकदम फुगून घुमटासारखी वर येते, काय सुंदर दिसतं ते, तुम्ही कधी नीट बघितलंय का? आणि मग ती धावत यायची. 'अहो! बघायला सांगितलं होतं ना?' 'बघितलं की.' 'मग?' 'उतू गेलं.' 'ते मलाही दिसतंय! गॅस कोण बंद करणार?' आता मला सांगा, गॅस बंद करायला तिने सांगितलं होतं का? तिने बघायला सांगितलं होतं. पण बायकोशी व्याकरणावर भांडून कुणी जिंकलंय?

आणि स्वतः ती? शाळेत गणित शिकवायची. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं तिच्या हाताखालून गेलीत, विचारा घरी जाऊन. ती वर्गात फिरायची, एखाद्या पोराच्या पाठीमागे उभी राहायची, आणि नुसती बघायची. बोलायची नाही, बोट दाखवायची नाही. पोराची पेन्सिल थांबायची, मान खाली जायची, खोडरबर निघायचं, आणि सातचे नऊ व्हायचे! तिच्या नुसत्या बघण्याने उत्तर बदलायचं. 'मी बघते तेव्हा काहीतरी होतं,' म्हणायची, 'आणि हे बघतात तेव्हा दूध जातं.' चारचौघांत म्हणायची. तुमच्यासमोरही म्हणाली असेल... म्हणाली होती ना? हसा हसा, संकोच नको. तेव्हाही हसला होतात.

आणि माझा धंदा कसला? बघण्याचाच! प्रोग्रॅम चुकला की तो नेमका कुठे चुकतोय ते शोधायचं. आता प्रोग्रॅममध्ये असतात व्हेरिएबल. व्हेरिएबल म्हणजे घाबरू नका, डबा. बाहेर चिठ्ठी, आत माल. आमच्याच फळीवर बघा, त्या मोठ्या डब्यावर मीठ असं लिहिलंय आणि आत साखर आहे, कारण चिठ्ठ्या मी लावल्या आणि डबे तिने भरले, 'मिठाला एवढा मोठा डबा कशाला लागतो?' म्हणून. मग मीठ कुठे आहे? ते तिला माहीत. मी अजून शोधतोय, तोवर अळणी खातोय. प्रोग्रॅममध्येही हेच, चिठ्ठी एक आणि माल दुसरा. पूर्वी आम्ही प्रोग्रॅमला जागोजागी बोलतं करायचो, बाबा रे, ह्या ओळीवर आलास की डब्यात काय आहे ते छापून दाखव. तो छापायचा, आम्ही वाचायचो, आयुष्य बरं चाललं होतं.

मग आला धाकटा साहेब. साहेब माझाच, पण माझ्या निम्म्या वयाचा, म्हणून मी मनातल्या मनात धाकटा म्हणतो. माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि ओरडला, 'सर! अजून छापून बघता तुम्ही? कुठल्या जमान्यात आहात? आता प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्येच सगळं असतं, सर! ओळीच्या समासात टिचकी मारा, लाल ठिपका येईल. प्रोग्रॅम त्या ओळीवर येऊन गप उभा राहील. बाजूला वॉचची, म्हणजे बघण्याची, चौकट आहे, तिच्यात डब्याचं नाव लिहा, आतला माल दिसेल. एकेक ओळ पुढे सरका, माल कसा बदलतो ते बघा. तुम्ही काही करायचं नाही, सर. नुसतं बघत राहायचं!' तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं की, नुसतं बघणं हेच तुमचं काम! मी त्या दिवशी तरंगत घरी आलो. तिला सगळं सांगितलं. ती कणीक... नाही, वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, 'आणि ह्यासाठी तुम्हाला ऑफिसात बोलावतात? घरीही हेच करता की.'

तर तो दिवस. तुमच्यातले काहीजण आला होतात, मला माहीत आहे, मागच्या रांगेत होतात. तुम्ही तर मोबाइलवर मॅच बघत होतात... असू दे हो, मीही डोकावलो होतो. दाहगृहात शिरल्याबरोबर एक खिडकी. खिडकीत एक माणूस, त्याला आपण खिडकीवाला म्हणू. त्याने हिचं नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाला, 'मोबाइल नंबर?' आता मला जगात एकच नंबर पाठ आहे. मी तो घडाघडा सांगितला. कुणाचा? तिचा! माझा मला पाठ नाही, माझा तिला पाठ होता. खिडकीवाल्याने टाइप केला आणि म्हणाला, 'नंबर लागला की मेसेज येईल. तोवर हॉलमध्ये बसा, बोर्डाकडे बघत राहा.' बघत राहा! माझ्यासारखा माणूस त्यांना शोधून सापडला नसता. आणि तिचा फोन कुठे होता? आक्काच्या पर्समध्ये. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जी प्रत्येक समारंभात दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळते आणि स्वतःची छत्री विसरते.

बसलो. बोर्ड बघत. हॉल असा की सगळ्या खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या, एकजण रडला की अख्खी रांग हलते. समोर बोर्डावर लाल अक्षरं, 'कृपया थांबा'. थांबलो. बराच वेळ थांबलो. सकाळपासून आलेली माणसं थांबलेली, त्यांची माणसं आत थांबलेली, ती तर काय, कुठेही थांबतील! पण दाहिनी संध्याकाळी बंद होते. त्याआधी नंबर लागला नाही तर परत घेऊन जा आणि उद्या या. उद्या! हिला परत उचला, परत गाडीत घाला, परत आणा... जिला भाजी आणायला दुसऱ्यांदा खाली जायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या पडायच्या, तिला? माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं, आजचं आज व्हायला पाहिजे.

आणि मेव्हणा उठला. हिचा धाकटा भाऊ. हा माणूस बँकेत गेला तर बँकेला शिस्त लावतो, दवाखान्यात गेला तर डॉक्टरला. खिडकीवर हात आपटून, 'काय चाललंय काय? बोर्ड मेलाय का तुमचा?' दाहगृहात विचारतोय, बोर्ड मेलाय का! खिडकीवाला म्हणाला, 'सकाळपासून अडकलाय साहेब. कंत्राटदाराचा फोन लागत नाही.' 'अडकलाय म्हणजे? अहो, आमचे भाऊजी कॉम्प्युटरमधलेच आहेत! भाऊजी! ओ भाऊजी! इकडे या!' अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी आक्काकडे बघितलं, म्हटलं निदान बहीण म्हणेल, अहो त्याची बायको गेलीय आज, त्याला कशाला... आक्का म्हणाली, 'जा रे. नाहीतरी नुसता बसलायस.'

गेलो. खिडकीच्या आत, त्याच्याच स्टुलावर. तो म्हणाला, 'परवाच कंत्राटदार इथे बसून काहीतरी करत होता, सगळं उघडंच आहे. जरा बघता का?' तुम्हाला सांगतो, ह्या माणसाने 'दुरुस्त करता का' म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्याने 'बघता का' म्हटलं!

बघितलं. एडिटर तोच, आमच्या ऑफिसातला, तीच वॉचची चौकट, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. पण आतली नावं बघा. दाहगृहाचा प्रोग्रॅम ना? मग मृताला काय म्हणाल? 'ग्राहक'! म्हटलं, हे काय? खिडकीवाला म्हणाला, 'तो आधी केस कापायच्या दुकानाचा प्रोग्रॅम होता साहेब. त्यानेच जरा फिरवून दिला. रांग ती शेवटी रांगच ना?' खाली सरकलो तर 'खुर्ची'. म्हटलं, आणि खुर्ची म्हणजे? त्याने नुसता अंगठा मागे केला. मागे दाहिनीचं दार. 'खुर्ची एक चालू आहे, खुर्ची दोन दुरुस्तीला टाकलीय.'

मी म्हटलं, हा प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू करू या. तो ताडकन पुढे आला. 'नको नको नको! बंद केला की रांग पुसली जाते. मागे एकदा केलं होतं. दोन घरची माणसं इथे एकमेकांच्या अंगावर गेली, माझा चष्मा फुटला.' म्हणजे चालत्या प्रोग्रॅमलाच एडिटर जोडायचा. बरं, जोडला. लाल ठिपका दिला. प्रोग्रॅम गप उभा राहिला. आता मला एवढंच बघायचं होतं की पुढे नंबर कुणाचा आहे आणि तो का अडलाय. चौकटीत 'रांग' लिहिलं तर भलंमोठं काहीतरी आलं, निम्मं चौकटीच्या बाहेर. मग मला खाली एक फंक्शन दिसलं, 'पुढचा'. आता फंक्शन म्हणजे डबा नव्हे. फंक्शन म्हणजे नोकर. हाक मारलीत की काम करून येतो आणि काय केलं ते सांगतो. मी म्हटलं, वा, नाव काय छान आहे, पुढचा कोण ते हाच सांगेल! चौकटीत लिहिलं 'पुढचा', पुढे कंस. लगेच एक नाव उमटलं. मेव्हणा माझ्या खांद्यावरून, 'हे त्या सोनेरी चष्मेवाल्यांचे वडील!' एक ओळ पुढे सरकलो, दुसरं नाव. अजून एक ओळ, तिसरं. मला वाटलं, काय सुरेख दिसतंय, रांग कशी पारदर्शक झालीय! मी काय करत होतो? काही नाही! नुसतं बघत होतो!

आणखी एक ओळ सरकलो आणि तिचं नाव आलं. नाव, वय, स्थिती : 'बोलावले'.

मी जरा थांबलो तिथे. मग सरकलो पुढे. तिच्या नावासमोर आलं, 'सेवा पूर्ण'.

आणि हॉलमध्ये कुठेतरी टिंग झालं. मग दुसरीकडे टिंग. मग काय विचारता, खिशाखिशातून, पर्सपर्समधून, टिंग, टुंग, एकाच्या फोनवर तर लावणीसारखी काहीतरी धून... सगळ्यांना एकच मेसेज. 'प्रिय ग्राहक, आपली खुर्ची तयार आहे. कृपया आत यावे.' सगळे एकदम उठले! आतल्या दारावर ही झुंबड! 'आमचा नंबर लागलाय!' 'आमचाही लागलाय!' 'हे बघा, लिहिलंय, आत यावे!' एक आजीबाई, त्यांच्या यजमानांसाठी आलेल्या, फोन हातात धरून विचारतायत, 'आत मी यावे की त्यांनी?' आणि एवढ्यात दुसरा मेसेज! 'सेवा पूर्ण. आपले नवे रूप कसे वाटले? तारे देऊन कळवा. पुन्हा अवश्य या!'

आक्काने पर्समधून हिचा फोन काढला. लांब धरून मोठ्याने वाचायला लागली, तिला मनात वाचता येत नाही. 'प्रिय ग्राहक... आपली खुर्ची... अरे, हिला कुठे बोलावतायत हे? ह्यांना कळवलं नाही का कुणी? मी उत्तर लिहू का, ती आता येऊ शकत नाही म्हणून?'

सोनेरी चष्मेवाला आला तो थेट खिडकीवर. 'कुणी केलं हे? माझ्या वडिलांचं नवं रूप कसं वाटलं म्हणून विचारतायत! कोण बसलंय आत? बघून घेईन एकेकाला!' मी म्हटलं, साहेब, मी बघून घेतलं म्हणूनच तर हे झालं, आता तुम्ही नका बघू!

कारण एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. तो 'पुढचा' नावाचा नोकर होता ना, तो पुढचा कोण हे नुसतं सांगत नव्हता. तो पुढच्याला दंड धरून रांगेतून उठवत होता, मेसेज पाठवत होता, आत ढकलत होता, आधीच्यावर 'सेवा पूर्ण' असा शिक्का मारत होता, आणि मग येऊन मला नाव सांगत होता! आणि वॉचची चौकट अशी इमानी की, मी एक ओळ सरकलो की ती तिच्यातला माल ताजा करते, म्हणजे त्याला पुन्हा हाक मारते. मी सरकतोय, ती हाक मारतेय, तो एकेकाला उठवतोय... माझ्या नुसत्या बघण्याने अख्खा हॉल जळून गेला हो, कागदावर!

नेमका तेव्हाच धाकट्या साहेबाचा फोन. 'सर, फार वाईट झालं, सर. टेक केअर, सर. बरं, त्या फाइलचा पासवर्ड...' मी त्याला मध्येच तोडलं, म्हटलं असं असं झालंय. तो आधी 'काय?' म्हणून ओरडला. मग म्हणाला, 'सर! वॉचमध्ये फंक्शन टाकलंत? सर, हे पोरंसुद्धा करत नाहीत! बघायचं असतं सर, बोलवायचं नसतं!' पाठीमागे कुणीतरी खिदळलं. त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. सगळी टीम ऐकत होती. मग म्हणाला, 'आणि तो पासवर्ड, सर?' दिला. हिचं नाव आणि जन्मसाल आहे. तेवढंच मला लक्षात राहतं.

मी खिडकीवाल्याला म्हटलं, हे बघा, चूक झाली, हिला आधी आत घ्या, संध्याकाळ होत आली. तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, 'पण ताईंचं झालंय, साहेब.' 'कुठे झालंय? ती काय, त्या खोलीत आहे!' 'असतील. पण सिस्टिममध्ये झालंय. आतला माणूस ह्यात बघून दार उघडतो. झालेलं माणूस परत कसं घेणार?' 'मग काय करायचं?' 'नवी नोंद करावी लागेल.' 'करा.' 'त्याला मृत्यूचा नवा दाखला लागेल.' मेव्हणा मागून, 'अहो भाऊजी, बघत काय बसलाय? आणा की नवा दाखला!' तुम्हाला सांगतो, नवा दाखला म्हणजे तिला पुन्हा मरावं लागणार. आणि तिला एकदा केलेली गोष्ट पुन्हा कर म्हणून सांगायची... कुणाची छाती आहे? तुझी आहे का, म्हटलं. तो दोन पावलं मागे सरकला. लहानपणी तिने त्याला पाढे शिकवले होते.

मग मी बसलो पुन्हा त्या स्टुलावर. आता काय आहे, वॉचच्या चौकटीत नुसतं बघताच येतं असं नाही. डब्यावर दोनदा टिचकी मारली की आतला माल बदलता येतो. धाकट्याने दाखवलं होतं, पण मी कधी वापरलं नाही. आपलं काम बघण्याचं, हात कशाला लावा? त्या दिवशी लावला. आधी तो 'पुढचा' चौकटीतून हाकलून दिला. मग एकेक नाव उघडलं आणि एकेकाला परत आणलं. 'सेवा पूर्ण' खोड, 'बाकी' लिही. सोनेरी चष्मेवाल्याचे वडील, बाकी. आजीबाईंचे यजमान, बाकी. आजीबाई खिडकीला नाक लावून, 'त्यांचं झालं का हो परत यायचं?' म्हटलं, हो आजी, यादीत आले.

आणि मूळ घोळ कुठे होता, तोही सापडला. अगदी सुरुवातीला एक नाव होतं, 'अनोळखी पुरुष'. रस्त्यावर सापडलेला कुणीतरी. त्याच्या मोबाइलच्या डब्यात काहीच नव्हतं. असणार कुठून? आणि प्रोग्रॅम त्याला मेसेज पाठवून पोचल्याची वाट बघत सकाळपासून उभा होता! ज्याचं जगात कुणी नव्हतं त्याच्यासाठी एवढी सगळी माणसं आपापली माणसं घेऊन थांबली होती. त्याच्या रिकाम्या डब्यात कुठलातरी नंबर भरायला पाहिजे होता. मला जो एक पाठ आहे तो भरला.

राहिली ही. तुम्ही म्हणाल, हात लावलाच होता तर हिचं नाव पहिलं का नाही घेतलं? मेव्हणाही तेच कानाशी पुटपुटत होता, 'भाऊजी, वर सरकवा ना, कुणाला कळतंय?' कुणाला कळतंय! रांग मोडणाऱ्या पोराला ती वर्गाबाहेर उभं करायची. मी दोनदा उभा राहिलोय, घरातल्या घरात.

तिचा डबा उघडला. आत छोटे डबे. नाव. वय. मोबाइल. मग एक 'पसंतीची केशरचना', तो रिकामा, कंत्राटदार काढायला विसरला होता. आणि शेवटी स्थिती. मी खाली सरकवून बघितलं, अजून एखादा असेल म्हणून. नव्हता. बदलण्यासारखी ती एकच गोष्ट होती. 'सेवा पूर्ण' खोडलं आणि 'बाकी' लिहिलं.

झालं. आता फक्त वरचा हिरवा त्रिकोण दाबायचा की प्रोग्रॅम सुटला. खिडकीवाला म्हणाला, 'झालं का साहेब?' म्हटलं, बघतोय. चष्मेवाला म्हणाला, 'अहो, मग दाबा की!' म्हटलं, बघतोय ना. आजीबाई म्हणाल्या, 'बघू दे हो त्याला.' आक्का आत आली, माझ्या मागे उभी राहिली, 'अरे, काय बघतोयस एवढं?' म्हटलं, बाकी आहे. 'काय बाकी आहे?' पडद्यावर दाखवलं. तिचं नाव, वय, बाकी. लाल ठिपक्यावर सगळं उभं होतं, मी सरकल्याशिवाय काही सरकणार नव्हतं. बोर्ड थांबलेला, दार थांबलेलं, हॉल थांबलेला... मी काही करत नव्हतो हो. नुसतं बघत होतो.

मेव्हण्याचा हात माझ्या खांद्यावरून आला आणि त्याने बटण दाबलं. त्या माणसाने आयुष्यात वेळेवर केलेली ती पहिली गोष्ट. त्याला मी काही बोललो नाही. कुणीतरी गॅस बंद करायला लागतोच.

बोर्ड हलला. आधी तो अनोळखी गेला, त्याचं टिंगही आक्काच्याच पर्समध्ये झालं. मग चष्मेवाल्याचे वडील, मग आजीबाईंचे यजमान, मग आणखी एकजण, आणि मग आक्काच्या पर्समध्ये पुन्हा टिंग झालं. ह्या वेळी हिचं, आणि खरं.

आणि तेव्हापासून, हा बघा तिचा फोन, इथेच असतो फळीवर, मी चार्ज करून ठेवतो. रोज सकाळी मेसेज येतो, 'आपण अद्याप अभिप्राय दिलेला नाही. आपले नवे रूप कसे वाटले?' मागोमाग दुसरा, तोच, तो त्या अनोळखीचा. धाकट्या साहेबाला विचारलं, हे बंद कसे होतील? म्हणाला, 'सोपं आहे सर. एकदा तारे देऊन टाका, थांबतील.' सोपं आहे! देईन कधीतरी. तिने किती दिले असते? तिने कुणाला पूर्ण गुण दिल्याचं तुम्हाला आठवतंय का? स्वतःच्या भावाला नाही दिले. मी फोन हातात घेतो, ते रिकामे तारे ओळीने उभे असतात, बोट लावलं की भरतील... नाही लावत. दुसरं कोण लिहितंय तिला? मी आपला नुसता बघतो, आणि...

थांबा. कसला वास येतोय?

अहो! अहो, गेलं! सगळं गेलं, शेगडीवर, ओट्यावर, खाली फरशीवर... मी तुम्हाला सांगितलं होतं ना, बघा म्हणून? दाराकडे तोंड करून बसवलं होतं एवढ्यासाठी! एवढे सगळे समोर बसला होतात, आणि कुणी उठला नाहीत? नुसते बघत होतात?

...असू दे. बसा. कोराच करतो. साखर त्या मिठाच्या डब्यात आहे.